शमशूभाईंचा टेका

लेथ विकत घेतली तेव्हा तिच्याबरोबर माणूसही येणार आहे, हे पावतीत लिहिलेलं नव्हतं. पावती मीच लिहिली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. 'लाकूडकामाची लहान लेथ, वापरलेली, तीस इंची. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर. पट्टा एक. पटाश्या सहा. टेका एक.' खाली शमशूभाईंनी उर्दूत सही केली. यादीतली शेवटची वस्तू त्या दिवशी मला मिळालीच नाही. पुढचं सगळं त्या वस्तूवरून घडलं.

शमशूभाई खरादी होते. लाकूड फिरतं ठेवून पटाशीनं गोल कातायचं, हा धंदा. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, रव्या, मुसळं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. जुन्या वस्तीतलं त्यांचं भाड्याचं दुकान मालकानं परत मागितलं होतं. दोन्ही मुलं ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायच्या कामात, त्यांना लेथ नको होती. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. निवृत्तीला नऊ वर्षं होती. निवृत्तीनंतर काय करायचं याची यादी मी करून ठेवली होती आणि लेथ त्यात तिसऱ्या क्रमांकावर होती. कुणीतरी सांगितलं म्हणून बघायला गेलो. नवीची किंमत, हिचं वय, बेअरिंगची अवस्था असं सगळं धरून माझ्या वहीत तेरा हजार ही रास्त किंमत निघत होती.

"किती?" मी विचारलं.

"आठ हजार."

मी पुन्हा वहीत बघितलं. "आठ का? काही बिघाड आहे का?"

"बिघाड? चालवून बघा की."

चालवून बघितली. बिघाड नव्हता. "हिचे तेरा होतात," मी म्हणालो.

"होत असतील. आठ द्या."

"निदान दहा घ्या."

"साहेब," ते म्हणाले, "तुमी गिऱ्हाईक हाय का दलाल?"

साडेआठवर मिटलं. विकणाऱ्यानं भाव वाढवावा म्हणून हुज्जत घालायची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली. निघताना ते सहज म्हणाले, "कधीमधी येईन मी. हात फिरवायला." मला वाटलं, तेलपाणी बघायला येणार. विक्रीनंतरची सेवा. मी आनंदानं हो म्हणालो. एका फर्निचरवाल्यानं त्यांना पंधरा देऊ केले होते आणि त्याच्या गोदामाच्या फाटकावर रखवालदार बसतो, तो आत सोडणार नाही, म्हणून त्यांनी नाही म्हटलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

गारखेड्यात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. लेथ तिथं बसवली. टेका नव्हता. टेका म्हणजे पटाशी टेकवायची लोखंडी पट्टी. ती नसेल तर लेथ म्हणजे नुसता आवाज. मी दुकानात फोन केला.

"आणतो की," शमशूभाई म्हणाले.

मंगळवारी भल्या सकाळी, मी कामावर निघायच्या आधी आले. वय अडुसष्ट, सायकलवरून, क्रांती चौकाच्या सगळ्या रहदारीतून. सायकलच्या दांडीला जुन्या लुंगीत गुंडाळलेला टेका बांधलेला. तो सोडला, लेथीवर चढवला, मोटर चालू केली आणि दीड तास लाकूड कातत बसले. मी बाजूला उभा. मग मोटर बंद केली, टेका उतरवला, लुंगीत गुंडाळला, सायकलला बांधला.

"हे काय? तो माझा आहे," मी म्हणालो. "पावतीत आहे."

"तुमचाच हाय. शनवारी आणतो."

असं सात महिने चाललं. मंगळवार आणि शनिवार ठरलेले, पण प्रत्यक्षात मनाला येईल तेव्हा. मला टेका हवा असेल तेव्हा जुन्या मालकासकटच मिळायचा. त्या सात महिन्यांत माझी लेथ माझ्या हाती एकूण नऊ तास होती. मी नोंद ठेवली होती. नऊ तासांत मी दोन भोवरे आणि एक मेणबत्तीचा ठोकळा केला. ठोकळा शमशूभाईंनी हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "हे मुसळ हाय का?"

पण खरा त्रास वेगळा होता. हा माणूस मापाला उत्तर देत नसे.

"शमशूभाई, लाकडावरची ही गोल कडी किती जाडीची ठेवायची?"

अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट करून दाखवायचे. "तेवढं."

"तेवढं म्हणजे किती?"

"हे काय. तेवढं."

"मिलिमीटरमध्ये सांगा, इंचात सांगा, सुतात सांगा."

बोटांची फट तशीच माझ्या नाकासमोर धरायचे. मी व्हर्नियर काढून ती फट मोजायचो. एकदा अकरा आली, दहा मिनिटांनी त्याच कडीसाठी पुन्हा विचारलं तर तेरा. दाखवलं त्यांना. म्हणाले, "मंग? तुमी मधी चा पाजला ना."

मी दिवसभर कारखान्यात दोन शतांश मिलिमीटरवरून माल परत पाठवणारा माणूस. घरी येऊन हे.

माझी बायको मंगल त्यांच्या बाजूनं होती, हा आणखी एक वैताग. एका शनिवारी ती पोळ्या करत होती. शमशूभाई पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तांब्या हातात धरून बराच वेळ तिचे हात बघत उभे राहिले. पुढच्या मंगळवारी शिसवीचा तुकडा घेऊन आले आणि लेथीवर त्याचं लाटणं कातलं. "भाबी, हे वापरा." ती गेल्यावर मी लाटणं मोजलं. उजव्या टोकापाशी डाव्यापेक्षा तीन मिलिमीटर बारीक.

"हे वाकडं आहे," मी म्हणालो.

"भाबीचा उजवा हात जड पडतो," ते म्हणाले.

मंगलनं त्या लाटण्यावर पहिली पोळी लाटली आणि जुनं लाटणं कामवालीला देऊन टाकलं. "कसं फिरतंय बघा, आपल्याआपण," ती मला म्हणाली. मी पोळीचा व्यास चार ठिकाणी मोजला. चारही ठिकाणी सारखाच आला.

या सात महिन्यांत शमशूभाई लेथीवर करत काय होते, तर ते लाटणं सोडता एकच काम. खुलताबादेत त्यांची थोरली बहीण राहते, तिला सगळे आपा म्हणतात. आपाच्या घराला आतल्या चौकाच्या बाजूनं माडीवर गॅलरी आहे. तिचा लाकडी कठडा कुजून पडला होता. तीन वर्षं तिथं दोरी बांधलेली होती. शमशूभाईंनी तेहतीस कातीव दांड्यांचा कठडा करून द्यायचं कबूल केलं होतं. दुकान होतं तेव्हा गिऱ्हाइकाची कामं आधी म्हणून राहिलं, दुकान गेलं तेव्हा लेथ गेली म्हणून राहिलं असतं. आता आपाच्या नातीचं लग्न त्याच घरी ठरलं होतं. पन्नासेक पोरंसोरं माडीवर चढणार, आणि कडेला दोरी. आपानं भावाला सांगितलं होतं, "कठडा नै हुआ तो तू निकाह में मत आ. मैं तेरे कू दरवाजे पे से वापस भेजूंगी." हे ते मला हसत सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

पौषात त्यांना ताप आला. सव्वीस दांडे झाले होते, सात राहिले होते. त्या दिवशी लेथीवरून उठताना त्यांचे पाय लटपटले. मंगलनं रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"साहेब, टेका ऱ्हाऊ द्या हितंच. मी येतो आठ दिवसांनी."

"ठेवतो."

"तुमच्यापाशी ठेवतो," ते म्हणाले. शब्द थोडे बदलून तेच का सांगितलं, याचा मी विचार केला नाही. मला इतकंच वाटलं, की अखेर पावतीप्रमाणे माल मिळाला.

संध्याकाळी मी टेका पहिल्यांदा नीट बघितला. बावीस इंच लांब, सव्वादोन किलो. लेथीपेक्षा बराच जुना. वरची कड खाचांनी, खळग्यांनी भरलेली, कुठं उथळ, कुठं अर्ध्या बोटाच्या जाडीएवढे खोल. पट्टीवरून पटाशी सरळ सरकायला हवी. यावर ती दर इंचाला खळग्यात पडत असणार. लेथीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं की टेक्याला खाचा पडल्या की घासून सपाट करावा. मला त्या माणसाची कीव आली. आजारी म्हातारा असल्या पट्टीवर काम करतोय. बरा होऊन येईल तेव्हा टेका आरशासारखा करून ठेवायचा, असं मी ठरवलं.

चिकलठाण्याला ओळखीच्या एका कारखानदारानं ग्राइंडिंग मशीनवर तीन मिलिमीटर काढून दिले. खोल खळगे त्याआधी त्यानं वेल्डिंगनं भरून घेतले होते. मी सरळपणा तपासला. बावीस इंचांत दोन शतांशाचाही फरक नव्हता. मला फार बरं वाटलं. वैतागाच्या सात महिन्यांनंतर त्या माणसासाठी मी काहीतरी केलं होतं.

शमशूभाई बाराव्या दिवशी आले. वाळले होते. मंगलनं चहा टाकला. ते शेडमध्ये गेले, लाकूड चढवलं, आणि मोटर लावायच्या आधी सवयीनं तर्जनी टेक्यावरून डावीकडून उजवीकडे फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. मग वाकून पट्टीच्या खालून हात घातला.

"टेका कुठंय?"

"हाच तो. सरळ करून घेतला. काही खर्च आला नाही."

"खाचा?"

"काढल्या."

ते स्टुलावर बसले. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, सात महिन्यांतला मापाचा पहिला.

"किती काढलं?"

"तीन मिलिमीटर."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट केली, तिच्याकडे बघितलं. "तेवढं," म्हणाले.

मग उठून त्या गुळगुळीत पट्टीवर एकेका जागी बोट ठेवत गेले. "हितं पलंगाचा पाय व्हता. हितं रवी. हितं पाळण्याचा खांब, अब्बाच्या वक्ताचा. टेका अब्बाचाच. ह्या दोन भाबीच्या लाटण्याच्या. अन् ह्या पाच," इथं बोट अडखळत पुढं गेलं, कारण पट्टीवर अडखळण्यासारखं काहीच नव्हतं, "ह्या पाच आपाच्या कठड्याच्या."

तेव्हा मला समजलं. पटाशीखाली त्यांचं बोट टेक्यावरून सरकायचं आणि खाच लागली की कडी, पुढची खाच लागली की मडक्यासारखा फुगवटा, त्यापुढं मान. कागदावर काही नव्हतं. नकाशा नव्हता, नमुना नव्हता. सगळं त्या कडेवर होतं, आणि ते मी दोन शतांशात सपाट करून आणलं होतं.

"मग सांगायचं होतं ना!" मी म्हणालो. खरं सांगतो, मला रागच आला होता. "सात महिने विचारतोय, माप काय, माप काय. एकदा तरी सांगायचं, की इथं आहे."

"इचारलं कुठं? तुमी 'किती' इचारलं. 'कुठं हाय' ते नाय इचारलं."

चहा न घेता गेले. सायकलला काही बांधलं नाही. मंगल दारातून सगळं ऐकत होती. "त्यांना फोन करून विचारायला काय झालं होतं?" एवढंच म्हणाली.

मंगळवारी आले नाहीत. शनिवारी आले नाहीत. लग्नाला चोवीस दिवस राहिले होते.

रविवारी मी व्हर्नियर, टेप आणि वही घेऊन खुलताबादला गेलो. घाट चढताना मनात दोन वाक्यं तयार करत होतो, पण आपानं बोलू दिलं नाही.

"तुमीच का ते, लोखंड घासनेवाले?"

"हो."

"शिकेल-सवरेल दिसते," ती आतल्या सुनेला म्हणाली. मग मला, "वर जाव. दोरी पकडके चलो. तुमच्यामुळंच हाय ती."

गॅलरीत सव्वीस दांडे बसवलेले होते आणि शेवटच्या सात जागी दोरी. मी बसकण मारून मोजायला लागलो. प्रत्येक दांड्याची नऊ मापं. सव्वीस नवे दोनशे चौतीस. चार तास लागले. आपा दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा भाकरी आणि कांद्याचं कालवण ठेवून गेली. "सगळे एकसारखेच हायेत ना? मंग एकच मोजायचा व्हता."

मी तिला वही दाखवली नाही. सव्वीसातले दोनसुद्धा सारखे नव्हते. वरची कडी एखाद्या दांड्यावर चार मिलिमीटर वर, पुढच्यावर दोन खाली. माझ्या विभागात हा माल आला असता तर सव्वीसही परत गेले असते. आणि खाली उतरून चौकातून वर बघितलं की कठडा एका हातानं एकाच दमात ओढल्यासारखा दिसत होता. मी तीनदा खाली जाऊन बघितलं. तीनदा वैतागलो.

घरी येऊन सरासरी काढली. टेक्यावर पाच जागा आखल्या आणि तीन संध्याकाळी कानशीनं पाच खाचा पाडल्या. मग त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागायला हवी होती, पण मला ते जमत नाही. "खाचा पाडल्यात. येऊन बघा," एवढंच बोललो.

ते आले. तर्जनी फिरवली. पाचही खाचांवर ती थांबली.

"कुणाचं माप हे?"

"तुमचंच. सव्वीस दांड्यांची सरासरी."

"सरासरी म्हंजे?"

"सगळ्यांची बेरीज करायची आणि सव्वीसनं भागायचं."

"मंग हे कोणत्या दांड्याचं?"

मी वही उघडली. शोधलं. "कुठल्याच नाही," म्हणालो.

शमशूभाई हसायला लागले. ताप गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता खोकले, स्टूल धरलं. "भाबी! ओ भाबी! जो दांडा मी केलाच नाय, त्याचं माप काढलं साहेबानं!"

चार दिवसांत सात दांडे झाले. काम करताना सारखे कुरकुरत होते. खाच अरुंद आहे, बोट अडकतं, लाकडाला श्वास घेऊ देत नाही. शेवटचा दांडा उतरवला, मोटर बंद केली आणि सायकलकडे निघाले. टेका लेथीवरच होता.

"शमशूभाई, टेका?"

"तुमचाच हाय तो. पावतीत हाय ना."

त्यानंतर त्यांनी तो कधी घरी नेला नाही. लेथ आता कोणत्याही दिवशी मला मोकळी होती. याच्यासाठी मी सात महिने भांडत होतो. एकदा संध्याकाळी शेडमध्ये गेलो, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि दिवा घालवून परत आलो.

लग्नानंतर शमशूभाई पुन्हा आजारी पडले आणि पुढच्या थंडीत गेले. मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते लग्नातच. आपानं त्यांना दारातून परत पाठवलं नाही. मी आणि मंगल चौकात मांडवाखाली खुर्च्यांवर होतो. वर गॅलरी भरली होती, पोरं कठड्याला पोट लावून खाली वाकत होती, दोन-तीन तर दांड्यांतून पाय बाहेर काढून बसली होती, आणि कुणी कुणाला मागं ओढत नव्हतं.

पांढऱ्या टोपीतले शमशूभाई पोरांच्या मागून कठड्याच्या कडेकडेनं चालत आले. तर्जनी वरच्या कड्यांवरून ओढत. बोट किंचित वर, किंचित खाली होत पुढं सरकत होतं. मला खालून तेहतीस दांडे सारखेच दिसत होते. सत्ताविसाव्याशी बोट थांबलं. पुढं सरकलं, ते थेट शेवटच्या दांड्यापर्यंत एका रेषेत गेलं, कुठं वर नाही, कुठं खाली नाही. ते वळून परत सत्ताविसाव्यापाशी आले. वाकून खाली गर्दीत कुणाला तरी शोधत होते. मी दिसलो.

त्यांनी काही हाक मारली असावी, पण बँडच्या आवाजात ऐकू आली नाही. एक हात दांड्यावर तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात कठड्याबाहेर काढला आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट करून मला दाखवली.

किती होती ते मला खालून मोजता आलं नाही.